टिपरीच्या जखमेला औषध, माणसाच्या जखमेला काय?



लागणीचे दिवस आले की आमच्या शेती खात्याची माणसे गावोगाव एकच घोषा लावतात : बेणेप्रक्रिया करा, बेणेप्रक्रिया करा. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम घाला, त्यात टिपऱ्या 10 ते 15 मिनिटे बुडवा, मगच सरीत ठेवा. काही जण विचारतात, "साहेब, एवढा खटाटोप कशापायी?" तेव्हा आम्ही टिपरी हातात धरून दोन्ही टोके दाखवतो. ही कोयत्याची ताजी जखम आहे. मातीतली बुरशी याच दारातून आत शिरते आणि डोळा फुटायच्या आत टिपरी कुजते. जखम झाली की तिच्यावर औषध हवे, हे आता आपल्या सगळ्यांना पटलेले आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पटत नव्हते.

तोच कोयता ऊसतोड करणाऱ्या माणसाच्या पायावर बसतो तेव्हा आपण काय करतो, हा प्रश्न आज आम्हाला मांडावयाचा आहे. तो मांडण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा. कारण त्यात पहिली चूक आमची आहे.

गेल्या हंगामात जानेवारी महिन्यात आम्ही एका सभासदाच्या फडावर उभे होतो. बैलगाडीची टोळी, माणसे बीड जिल्ह्यातली. दव पडलेले, पाचट निसरडे. एका गड्याचा कोयता उसावरून घसरला आणि डाव्या नडगीवर बसला. तीन बोटे लांब जखम. रक्त बरेच गेले, पण हाड वाचले होते. आम्ही पुढे होऊन सांगितले, "हळद दाब, फडके बांध, नि जरा वेळ सावलीत बस." घरात आई-आजीने जे केले तेच आम्ही सांगितले. त्याची बायको म्हणाली, "सायेब, आजचा खाडा तेवढा धरू नका." खाडा काही आमच्या हातात नव्हता. तो दुपारनंतर पुन्हा फडात उतरला.

पुढे हळदीच्या जागी तंबाखू आली, तंबाखूच्या जागी चुना आला. वर खपली धरली, सगळ्यांना वाटले जखम सुकली. आत मात्र पू साठत होता. तिसऱ्या आठवड्यात पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि ताप भरला. त्याचा थोरला भाऊ साखरेचा ट्रक घेऊन न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जात असतो, त्याचे बिऱ्हाड पनवेलला. त्याने या भावाला गाडीत घातले आणि पनवेलच्या एका इस्पितळात दाखल केले. कारखान्याच्या कामाने आम्हाला त्या बाजूला जायचेच होते. खरे सांगायचे तर मनाला टोचणी लागली होती, म्हणून काम थोडे लवकर काढले.

इस्पितळात गेलो तेव्हा ड्रेसिंग चालू होते. डॉक्टरांनी मेलेले मांस आधीच काढून टाकले होते. सिस्टरने सलाइनच्या पाण्याने जखम धुतली आणि तिच्यावर तपकिरी रंगाचे मलमासारखे काही भरले. आम्ही विचारले, "हे आयोडीन का?" त्या म्हणाल्या, "आयोडीनच, पण स्टार्चच्या दाण्यांत कोंडलेले. जखमेचे पाणी हे दाणे पितात, फुगतात, नि मग आयोडीन थोडे थोडे सोडतात. तपकिरी रंग जाऊन पांढुरके झाले की समजायचे औषध संपले, पट्टी बदलायची." आठवड्याने जखम स्वच्छ झाली तेव्हा त्यांनी दुसरी पट्टी लावली. ती पारदर्शक, गार, जेलीच्या वडीसारखी. काढताना चिकटली नाही. आमचा गडी, जो आधीच्या कापडी पट्टीच्या वेळी ओरडायचा, तो गप्प बसून बघत होता.

आम्ही डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेतलेले, मातीतले माणूस. पण परत येताना वाटेत आम्हाला या पट्टीतली अर्धी गोष्ट आपल्या शेतीतलीच आहे असे वाटू लागले. म्हणून घरी आल्यावर जाणत्या डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले ते इथे देतो.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे जाळे. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याच्याभोवती बुळबुळीत कवच येते, इसबगोल फुगतो, कोरफड चिरली की गर दिसतो, ही सगळी निसर्गाची हायड्रोजेलेच होत. घरात खरवसासारख्या वड्या करायला चायना ग्रास वापरतात, ते समुद्री शेवाळापासून काढलेले अगर. तेही हेच काम करते. शेतीतही हा शब्द नवा नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजच्या आधारावर पुसा हायड्रोजेल तयार केले, ते कोरडवाहू जमिनीत एकरी एक-दोन किलो टाकतात. पाणी मिळाले की ते फुगते, आणि मुळाला लागेल तसे पाणी सोडते. (हे जमिनीत टाकायचे जेल कोणी जखमेवर लावू नये, एवढे ठळक लक्षात ठेवावे. ते त्यासाठी नाही.)

जखमेसाठी असेच जाळे निर्जंतुक करून बनवतात. काहींत स्टार्च, काहींत पेक्टिन, काहींत सेल्युलोजपासून केलेला पदार्थ, काहींत शेवाळातले अल्जिनेट. त्या जाळ्यात आयोडीन, चांदीचे क्षार किंवा दुसरे जंतुनाशक कोंडून ठेवता येते. सिस्टरने सांगितलेल्या स्टार्चच्या दाण्यांत 0.9 टक्के आयोडीन असते, आणि 1 ग्रॅम दाणे सुमारे 6 मिलिलिटर पाणी पितात. हे औषध 1980 च्या दशकापासून वापरात आहे, म्हणजे काही कालचा शोध नव्हे.

आता प्रश्न असा की बाटलीतले आयोडीन सरळ ओतले तर काय बिघडते? मुख्य म्हणजे ते टिकत नाही. रक्त आणि पू यांत मिसळले की त्याचा जोर लवकर ओसरतो. आपण उसाला पाटाने पाणी देतो तेव्हा एकदम लोंढा येतो, अर्धे पाणी वाहून जाते आणि आठ दिवसांनी वाफसा मोडून जमीन भेगाळते. ठिबकने थेंब थेंब दिले तर मुळाशी ओल सतत राहते. युरियाचेही तसेच. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप देतात तो नत्र हळूहळू सुटावे म्हणूनच. जखमेवरच्या या पट्टीत दुसरे काही तत्त्व नाही.

ओलीचा मुद्दा मात्र आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. आपण म्हणतो, जखम सुकली पाहिजे, उघडी ठेवा, वारा लागू द्या. 1962 साली लंडनमध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पातळ पापुद्र्याने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण नव्या पेशींना सरकायला ओल लागते. कोरड्या खपलीखाली त्यांना वाट काढत बसावे लागते. अर्थात ओलसर म्हणजे चिखल नव्हे. पाणथळ रानात उसाची मुळी कुजते, तसा साचलेला पू जखमेला कुजवतो. सांगायचे ते वाफशासारखी ओल हवी एवढेच.

आता कोणी म्हणेल, ही सगळी शहरातली, परदेशातली थेरे. तसे नाही. आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी या वाटेवर फार मोलाचे काम केले आहे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली निर्जंतुक करून लावल्या आणि 1985 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. साल ओलसर राहते आणि जखमेला चिकटत नाही, हा तिचा गुण. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पानाचे तुकडे पट्टीच्या कापडावर चिकटवून निर्जंतुक करायचे आणि लावायचे. त्यांचे निष्कर्ष 2003 साली आले. पट्टी काढताना होणारा त्रास कमी, आणि खर्च तर अगदीच थोडा. सुश्रुताने जखमेवरच्या साठ उपायांत पत्रदान, म्हणजे पानाने झाकणे, हा एक उपाय सांगितलेला आहे, हेही या निमित्ताने आठवते.

याच पट्टीचा पुढचा टप्पा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. तिथे गॅमा किरणांनी हायड्रोजेलची पट्टी तयार करण्याची रीत बसवली गेली. किरणांनी जाळेही विणले जाते आणि पट्टी निर्जंतुकही होते, दोन्ही कामे एकाच वेळी. तिचा मुख्य घटक कारखान्यात बनणारा आहे, त्याच्या जोडीला अगरसारखे शेवाळातले पदार्थ येतात. हे तंत्र उद्योगांना देण्यात आले आणि अशा पट्ट्या देशात बनू लागल्या. पनवेलहून खाडीपलीकडे असलेल्या केंद्रातली ही गोष्ट आपल्या फडापर्यंत मात्र पोचलेली नाही.

मग हळदीचे काय? हळदीला आम्ही नावे ठेवणार नाही. जखमेवर हळद हा अमेरिकेत 1995 साली कोणी आपला शोध म्हणून नोंदवला, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या देशाने भांडून 1997 साली ते पेटंट रद्द करवले. हळदीत गुण आहे म्हणूनच ते भांडण झाले. पण आपल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि ज्या बोटांनी ती दाबतो ती बोटे शेणामातीची असतात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणातच राहतात. पनवेलला 1872 पासून धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधे बनतात. तिथला वैद्यही चुलीपुढची हळद बिनधुतल्या जखमेत कोंबायला सांगणार नाही. तंबाखू, चुना, डिझेल, जळका चिंधा यांबद्दल तर बोलायलाच नको.

साखरेचे विचाराल तर तीही या कामी आलेली आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डॉ. नटसन यांनी साखर आणि पोव्हिडोन आयोडीन यांचे मिश्रण 605 रुग्णांच्या जखमांवर वापरले आणि 1981 साली ते प्रसिद्ध केले. साखर जखमेतले पाणी ओढून घेते, जंतूंना वाढायला पाणी उरत नाही. आपल्या पोत्यातली साखर मुठीने भरा असा याचा अर्थ नाही. ते मिश्रण इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलेले होते. पण ज्या उसावर आपण जगतो त्यातच जखम भरण्याचे सामान आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. बगॅसच्या कोरड्या वजनात 40 ते 45 टक्के सेल्युलोज असते, आणि अशा पट्ट्यांत सेल्युलोजचे पदार्थ लागतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांनी यात लक्ष घालावे असे आम्हाला वाटते. मात्र उद्याच आपल्या कारखान्यात पट्ट्यांचा विभाग काढा असे आम्ही म्हणत नाही. औषधाची शुद्धता हा वेगळा धंदा आहे. आज आपल्याला पट्ट्या विकत घ्यायच्या आहेत, आणि त्या वापरायला शिकायचे आहे.

यात फक्त तोडणी मजुराचाच प्रश्न आहे असे कोणी समजू नये. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. आपल्या सभासदांत शुगरच्या गोळ्या घेणारे किती आहेत, हे वार्षिक सभेतल्या चहाच्या वेळी दिसतेच. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते. पाणी द्यायला अनवाणी उतरलेल्या माणसाला काच टोचली, फावड्याची कड लागली तरी समजत नाही, आणि समजते तेव्हा बोट काळे पडलेले असते. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. ही समिती 1951 पासून काम करते. ज्या पायाला दुखणे कळत नाही, तो पाय डोळ्यांनी रोज तपासावा लागतो, हा धडा कुष्ठरोगाच्या कामाने सगळ्यांनाच दिला आहे. मधुमेही सभासदांनी तो आज रात्रीपासून घ्यावा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा, नाही तर नातवाला बघायला सांगावे.

शिवाय कारखान्यात वाफ, गरम रस आणि बॉयलर आहेतच. भाजलेल्या जागेवर आधी वीस मिनिटे वाहते गार पाणी, मग ओलसर न चिकटणारी पट्टी. टूथपेस्ट, शाई, तेल काही नको.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. येत्या हंगामात टोळ्यांशी करार होतील, उचल दिली जाईल, त्याच वेळी प्रत्येक मुकादमाच्या हाती एक पेटी द्यावी. तिच्यात जखम धुण्याच्या सलाइनच्या बाटल्या, हातमोजे, निर्जंतुक गॉज, जंतुनाशक हळूहळू सोडणाऱ्या जेलच्या पट्ट्या आणि भाजल्यावरच्या साध्या जेल पट्ट्या असाव्यात. पेटीत काय घ्यावे हे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांनी ठरवावे, आम्ही नव्हे. टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ कोप्यांवर जाऊन शिकवावे, आणि बायामाणसांना आधी शिकवावे, कारण पट्टी बांधायची वेळ त्यांच्यावरच येते. आमच्या खात्याचे कर्मचारी बेणेप्रक्रियेसाठी दारोदार फिरतात, ते यासाठीही फिरतील, हा शब्द आम्ही देतो.

शिकवायचे ते फार नाही. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाने दाबून धरावे. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. स्पिरिट आत ओतू नये. मग पट्टी लावावी. जखम खोल असेल, हाड किंवा शिर दिसत असेल, रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, ताप आला असेल, तर पट्टीवर विसंबू नये, थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लसीचे त्याच दिवशी विचारावे. गरोदर बाई, तान्हे मूल, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस यांना आयोडीनची पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. साप चावणे, कुत्रा चावणे हे तर सरळ इस्पितळाचेच काम.

दुसरे म्हणणे खाड्याचे. जखमेच्या दिवसांचा खाडा धरला जाऊ नये, असे करारातच लिहावे. पेटी दिली नि खाडा ठेवला तर पेटी तशीच बंद राहील. आमचा गडी त्या दुपारी फडात पुन्हा उतरला तो हौसेने नव्हे.

खर्चाचा मुद्दा निघेल हे आम्ही जाणून आहोत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यांनी बघावे असे काही सभासद म्हणतील. त्यांनी बघावेच. पण जखम फडात होते, आणि पहिला तास फडातच जातो. महामंडळाची फाइल त्या तासात येत नाही. हिशोबीपणाने पाहिले तरी एक कोयता बसला की टोळीची लय मोडते, गाडी अर्धी भरते, तुटलेला ऊस वाळतो आणि उतारा घटतो. पनवेलच्या इस्पितळात आमच्या गड्याच्या भावाने जो पैसा घातला, त्यात अशा किती पेट्या आल्या असत्या, याचा हिशोब आम्ही परतीच्या वाटेवर मनात केला आणि मान खाली गेली.

त्याचा पाय वाचला. नडगीवर वण आहे, जड उचलले की दुखतो म्हणतो. निघताना त्याच्या बायकोने आम्हाला विचारले, "सायेब, ही पट्टी आपल्या गावाकडं मिळत नाही का?" आम्ही म्हणालो, "बघतो." आमच्या खात्यात "बघतो" या शब्दाचा अर्थ काय होतो हे सभासदांना चांगले ठाऊक आहे. म्हणून या वेळी तो शब्द इथे छापून ठेवतो आहोत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघावा, आणि निघाला नाही तर तुम्ही आम्हाला उभे करून विचारावे, "साहेब, त्या पेटीचे काय झाले?"

ऊस विकास अधिकारी